भाड्याच्या खुर्च्या

"मागच्या दोन रांगा उचला," असं म्हणून तिने स्वतःच एक खुर्ची मिटून काखेत मारली.

खुर्चीवाला डोकं खाजवत राहिला. "बाई, आता उरल्या किती? लोक बसणार कुठे?"

"निम्मे उभे राहतील. माणसं उभी दिसली की मैदान भरल्यासारखं वाटतं."

हा तिचा हातखंडा होता. नगरपालिकेच्या करमणूक विभागाची ती प्रमुख, आणि विभाग म्हणजे ती एकटीच. उद्यानामागच्या मैदानातल्या उन्हाळी संध्याकाळी तिने शून्यातून उभ्या केल्या होत्या. कलाकार शहरातलेच, हौशी, चहावर खूश होणारे. खर्च काय तो दिव्यांचा आणि खुर्च्यांचा. दरवर्षी मंजूर रकमेला कात्री लागायची, दरवर्षी ती खुर्च्या कमी करायची, आणि तरी गर्दी डोळ्यांत भरायची. याचा तिला मनातून अभिमानच होता.

यंदा मात्र लेखापालांनी आडपडदा ठेवला नव्हता. "लोक येतात असं तुम्ही म्हणता. मी स्वतः बघणार. मैदान रिकामं दिसलं, तर पुढच्या वर्षी हा खर्च बंद."

"या की! पहिल्या रांगेत बसवते तुम्हाला," ती म्हणाली होती.

ते आले आणि पहिल्या रांगेत बसले. अंधार पडू लागला तशी ती नेहमीप्रमाणे दिवा सांभाळायला मंचाच्या कडेला, त्याच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिथून उजेडातल्या खुर्च्या तेवढ्या दिसत. त्यापलीकडे झाडांचा काळोख होता.

खुर्च्या रिकाम्या होत्या.

तिने पुन्हा पाहिलं. लेखापाल मधोमध मांडी घालून बसलेले, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मागे नीटनेटक्या, पुसलेल्या, ओस खुर्च्या. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला, खुर्च्यांकडे आदराने बघून आल्या वाटेने परत गेला. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या थोड्या आणि इतक्या शिस्तीत मांडलेल्या खुर्च्या बघून लोकांना त्या साहेबलोकांसाठी राखून ठेवलेल्या वाटत होत्या. स्वतःच्या हाताने तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आता काही करायला वेळ नव्हता. दातांचे डॉक्टर मंचावर आले. दवाखान्यात माणसं त्यांना टरकून असत, पण नकला करायला लागले की सारं शहर त्यांच्यावर जीव टाकायचं. त्यांनी कार्यालयाच्या खिडकीत बसलेला कारकून उभा केला. चष्मा कपाळावर चढवला, जांभई दिली आणि म्हणाले, "उद्या या."

हशा फुटला तो लेखापालांच्या पाठीमागून. पार झाडांखालून, कुंपणापासून, सगळ्या काळोखातून.

लेखापालांनी मान वळवली. मग ते उठले आणि सरळ मागे चालू लागले. दिवा तसाच सोडून तीही त्यांच्यामागे धावली.

झाडांखाली अख्खं शहर बसलं होतं. कुणी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं होतं, कुणी घडीची खुर्ची, कुणी गाडीतली गादी. एका आजोबांची आरामखुर्ची तर हातगाडीवरून आली होती.

"या खुर्च्यांचं भाडं कोण देतं?" लेखापालांनी विचारलं.

"भाडं कसलं? घरच्या आहेत," अंधारातून उत्तर आलं. आवाज ओळखीचा होता. तिच्या सासूबाई ऐटीत बसल्या होत्या. "हिच्या भरवशावर आलं तर उभंच राहावं लागतं. मी आणायला लागले, मग सगळेच आणायला लागले."

लोक हसले. तिचे कान तापले, पण जीव भांड्यात पडला होता. ती लेखापालांकडे वळली.

"पुढच्या वर्षी खुर्च्यांचा खर्च धरत नाही. तेवढ्यात आणखी एक संध्याकाळ होईल."

"आधी आहेत त्या तर वाचवा."

"त्या वाचल्या की! बघताय ना?"

लेखापालांनी सभोवार पाहिलं आणि नाही म्हटलं नाही. सासूबाईंशेजारची खुर्ची मोकळी होती. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "ती नाही हं साहेब. ती सूनबाईची आहे."

तिने ती खुर्ची ओळखली. गॅलरीतल्या दोन्ही खुर्च्या दरवर्षी या दिवसांत गायब व्हायच्या. पाय पसरून बसायला लागत असेल दुसरी, असं म्हणत तिने घरात कितीदा थट्टा केली होती.

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बस आधी."

ती बसली. लेखापाल पुढे गेले आणि भाड्याची एक खुर्ची उचलून अंधारात घेऊन आले.

समोर डॉक्टर रंगात आले होते. पण त्यांचा अर्धाच चेहरा उजेडात होता. उरलेला सगळा उजेड मागच्या पडद्यावर वाया चालला होता. खांबापाशी उभं राहून हे कधीच दिसलं नव्हतं.

"अगं बाई! दिवा वाकडा आहे," ती म्हणाली. "दरवर्षी असाच असतो?"

"दरवर्षी."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

सासूबाईंनी मंचावरची नजर काढली नाही. "सांगायला तू बसत कुठे होतीस?"