चाळणीसाहेबांची श्रवणचाचणी

शाळा मंडळाच्या चारशे अकरा शाळा होत्या आणि भरती अधिकाऱ्याच्या सहीशिवाय त्यांतल्या एकाही शाळेत माणूस कामाला लागत नसे, मग तो मुख्याध्यापक असो की घंटा वाजवणारा. उमेदवारांनी या अधिकाऱ्याचं नाव चाळणीसाहेब ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. "चाळणी आहे म्हणून पिठात खडे येत नाहीत," असं ते सभेत स्वतःच सांगत.

बऱ्याच वर्षांपूर्वी या चाळणीत धाकटी अडकली. तीन बहिणींतली शेवटची म्हणून घरात तिला धाकटी म्हणत, आणि एकोणतीस वर्षांची झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं. सातव्या वर्षी तिला मोठा ताप आला होता. तो उतरला, पण जाताना दोन्ही कानांचं निम्मं ऐकणं घेऊन गेला. पुढे कानामागे यंत्र आलं, ओठ वाचायची सवय लागली, आणि ती शिकत गेली. शिक्षिकेच्या लेखी परीक्षेत तिचा सातवा नंबर आला. मग तपासनीसांसमोर वर्गात पाठ घ्यायचा होता. तिने पाचवीच्या मुलांकडून बाकं घोड्याच्या नालेसारखी लावून घेतली, म्हणजे प्रत्येकाचं तोंड तिला दिसेल, आणि अपूर्णांक शिकवले. घंटा झाली तरी मुलं उठेनात. मागे बसलेल्या तपासनीसांमध्ये चाळणीसाहेबही होते.

वैद्यकीय तपासणीत मात्र तिने लबाडी केली, हे इथेच सांगितलेलं बरं. मंडळाचा नियम होता की शिक्षकाला यंत्राविना, दोन्ही कानांनी, तीस डेसिबलइतका मंद आवाजही ऐकू आला पाहिजे. ही चाचणी सरकारी रुग्णालयात होई. काचेच्या खिडकीच्या खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्रावर बसणाऱ्या टेक्निशियनला सगळे मामा म्हणत. मामा सूर सोडताना उजवा खांदा किंचित उचलत. धाकटीने खांदा बघून बटण दाबलं आणि पास झाली.

मुलाखतीत पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस उडाले आणि चाळणीसाहेबांना कानामागचं यंत्र दिसलं.

"ते काढून टेबलावर ठेवा," ते म्हणाले.

तिने ठेवलं. मग त्यांनी हातातली फाईल तोंडासमोर धरली. फाईलच्या मागून त्यांनी काही विचारलं, एकदा, दोनदा, तीनदा. समितीतले बाकीचे दोघे टेबलाकडे बघत राहिले. धाकटीला फक्त फाईलचा तपकिरी पुठ्ठा दिसत होता. फाईल खाली आली तेव्हा त्यांनी अर्जावर लाल शाईने 'अपात्र' लिहून टाकलं होतं.

"जिन्यात मूल मागून हाक मारील आणि तुम्हाला कळणार नाही," ते सावकाश, ओठ नीट दिसतील असं म्हणाले. "नियम उगाच नसतात."

यंत्र उचलून ती बाहेर आली. ताई, म्हणजे मधली बहीण, बाहेर बाकावर बसली होती. तिने चेहरा बघितला आणि उठून तिच्यासोबत चालू लागली.

पुढची कित्येक वर्षं धाकटीच्या मनात ती फाईल तशीच धरलेली राहिली. ती रडत बसली नाही, पण माणसाने दात दुखतो त्या बाजूने चावत राहावं तसं करत राहिली. चाळणीसाहेबांचं नाव छापून आलं की ती बातमी शेवटपर्यंत वाची. त्यांना बढती मिळाली, ते वाचलं. पन्नाशीपुढच्या प्रत्येक कर्मचाऱ्याची दरवर्षी श्रवणचाचणी व्हावी असा नवा नियम त्यांनी केला, तेही वाचलं. त्या नियमाने पहिल्या दोन वर्षांतच साठेक जुने शिक्षक घरी बसले. "नियम मलाही लागू आहे," असं साहेबांनी सभेत सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

दरम्यान तिने रुग्णालयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि कान-नाक-घसा विभागात मामांच्या हाताखाली लागली. या कामाला कान लागत नाहीत, डोळे लागतात. कोणता सूर किती जोरात सोडला ते यंत्राच्या काट्यावर दिसतं, रुग्णाने बटण दाबलं की दिवा लागतो. रुग्णालयाला तिच्या कानांशी देणंघेणं नव्हतं. मामा निवृत्त झाले आणि यंत्रापुढची खुर्ची तिची झाली.

त्याच वर्षी, एका मंगळवारी सकाळी, चाळणीसाहेब तपासणीला आले. सत्तावन्न वर्षांचे झाले होते. सोबत शिपाई, शिपायाच्या हातात बॅग. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"मामा कुठायत?"

"निवृत्त झाले."

"काय?"

"निवृत्त झाले, साहेब."

त्यांनी मान हलवली, पण तिला तेवढ्यावरूनच कळलं. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी जातात, शब्दांतले स, श, फ गळू लागतात, आणि माणूस 'काय?' म्हणायला शिकतो. ती तीस वर्षं शिकत होती.

साहेब काचेच्या खोलीत बसले. पहिले तीन सूर त्यांनी अचूक पकडले. चौथा धाकटीने सोडलाच नाही, नुसता हात हलवला. दिवा लागला. साहेबांची नजर तिच्या मनगटावर होती. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशी ती जागेवरून उठली, आत गेली आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली.

"हे कशाला?"

"पद्धत आहे."

मग तिने चाचणी केली, जशी करायची असते तशी. एकही सूर वाढवून सोडला नाही, एकही घाईत सोडला नाही. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, कागदावर उतारावरून घसरत गेल्यासारख्या खाली खाली गेल्या. तिला चांगलं वाटत होतं, इतकं चांगलं की त्याचीच तिला थोडी भीती वाटली.

बाहेर येऊन साहेबांनी कागद पाहिला. शिपायाला बाहेर पाठवून दार लावलं.

"मामा चहा संपायच्या आत सोडायचे," ते म्हणाले.

"उजवा पंचावन्न, डावा साठ. मर्यादा तीस आहे."

"मर्यादा मीच लिहिली आहे बाई, मला सांगू नका. संचालकपदाची यादी पुढच्या महिन्यात लागते. माझं काम कागदांचं आहे, मला वर्गावर जायचं नाही."

"नियमात तसा फरक नाही. वर्गावर जाणारे, न जाणारे, सगळे एकच."

आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या कानाकडे. माणूस विसरला असेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. विसरला असेल तर काय बोलायचं ते तिने पाठ करून ठेवलं होतं.

"बाकं नालेसारखी लावली होती तुम्ही," ते म्हणाले. "अपूर्णांकांचा पाठ. त्या वर्षातला सगळ्यात चांगला पाठ होता तो. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं."

धाकटीने पाठ केलेलं सगळं तिथेच संपलं. न ओळखता चिरडलं असतं तर एक वेळ मुंगीसारखं सोसलं असतं. या माणसाने ओळखून, पारखून, मग फाईल वर धरली होती.

तिने तक्त्याखाली सही केली, शिक्का मारला आणि कागद डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवला.

"जाताना दार उघडं ठेवा," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने ताईला सगळं सांगितलं. ताई हसली. "सोनारानेच कान टोचले म्हणायचे."

पण हसू तीन आठवडेच टिकलं. चाळणीसाहेबांनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली आणि नियम बदलून घेतला: यापुढे श्रवणयंत्र लावून मर्यादेत ऐकू येत असेल तर कर्मचारी पात्र. ज्या एका ओळीसाठी धाकटीने तीन अर्ज केले होते आणि तिन्हींना छापील उत्तर मिळालं होतं, ती ओळ एका दुपारी मंजूर झाली. चाळणीसाहेब तिच्याकडेच यंत्र बसवून घ्यायला आले, कारण दुसरीकडे सोय नव्हती. तिने यंत्र बसवलं. आवाज मात्र एक घर जास्त ठेवला. कागदाची सळसळ, लोखंडी कपाटाचं दार, खुर्ची सरकवणं, आठवडाभर सगळं त्यांच्या मस्तकात जात राहिलं, आणि यंत्र असंच असतं असं समजून ते सोसत राहिले. पुढच्या तपासणीला तिने ते ठीक करून दिलं. डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

एवढ्याने तिचं पोट भरलं नाही. उलट आग जास्त भडकली, कारण तिच्या कागदाने त्याचंच भलं झालं होतं. तिने बदललेल्या नियमाची प्रत मिळवली आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा सोडून ओळ न् ओळ वाचली. शेवटच्या परिच्छेदात तिला हवं ते सापडलं. मागच्या दोन वर्षांत मामांनी त्यांना दिलेली पास झाल्याची प्रमाणपत्रं कुणी उकरून काढू नयेत म्हणून साहेबांनी नियम दोन वर्षं मागच्या तारखेपासून लागू केला होता. माणूस स्वतःला झाकायला पांघरूण ओढतो तेव्हा ते दुसऱ्या टोकाने कुणावरून सरकतं हे बघत नाही.

त्या दोन वर्षांत फक्त कानांमुळे नापास झालेले उमेदवार किती, ते तिच्या कपाटात होतं. अकरा. बाकी सगळ्या परीक्षा पास झालेले.

ती डॉक्टरांकडे गेली. "यांना कळवायला हवं. निकाल आपण दिला होता."

डॉक्टर साठीचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी यादी पाहिली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हे कर्तव्य म्हणून की उट्टं काढायचं म्हणून?"

"दोन्ही."

"पत्रात एकच लिहा," म्हणत त्यांनी अकरा पत्रांवर सह्या केल्या.

अकरांपैकी दोघांनी दुसरी वाट धरली होती. उरलेले नऊजण एका सोमवारी मंडळाच्या कचेरीत गेले. धाकटीने रजा काढली आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली. चाळणीसाहेब आधी म्हणाले, जागा नाहीत. नऊजणांतली एक गणिताची बाई म्हणाली, "रिकाम्या जागांची यादी तुमच्याच फलकावर लावली आहे, साहेब. एकशे सव्वीस." मग ते म्हणाले, मागची तारीख फक्त सेवेत असलेल्यांसाठी आहे. गणिताच्या बाईने नियमाची प्रत पुढे केली. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुद्दाम मोघम ठेवलं होतं, त्यांनीच. आता दुरुस्ती करायची तर मंडळापुढे कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण त्यांच्या कानांत बसलं होतं.

त्या महिन्यात त्यांनी नऊ नेमणूकपत्रांवर सही केली. मागच्या तारखेची चर्चा झालीच, मामांची प्रमाणपत्रं निघाली, आणि संचालकपदाच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. ही बातमी धाकटीने दोनदा वाचली आणि कापून ठेवली.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना चाळणीसाहेब पुन्हा विभागात आले. यंत्राचं काही काम नव्हतं. ते उभेच राहिले.

"तुम्ही आता अडतीसच्या," ते म्हणाले. "वयाची अट पस्तीस. पण खास बाब म्हणून अट शिथिल करायचा अधिकार अजून माझ्याकडे आहे. अर्ज द्या. जूनपासून वर्ग मिळेल. पाचवीचा."

बाहेरच्या बाकावर पुढचे रुग्ण बसले होते. धाकटीने हेडफोनच्या गाद्या पुसायचं थांबवलं. पाचवीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि तो तिला हवा होता, अजूनही, भूक लागावी तसा हवा होता.

"हे का करताय?" तिने विचारलं.

"चुकलो होतो म्हणून."

"ते लेखी द्याल?"

त्यांनी खिशातलं पेन चाचपलं आणि हात खाली घेतला.

"मग तुमच्या हातून नको," ती म्हणाली. "या तुम्ही. मागे लोक थांबलेत."

ते गेले. घरी ताईला कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिने हातातलं पातेलं तसंच ठेवलं. "वेडी आहेस का तू? त्याचं नाक कापायला स्वतःचं कापून घेतलंस." दोन दिवस ती धाकटीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण त्या विषयावर नाही.

चाळणीसाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाला, म्हणतात, थोडे लोक होते. नवे अधिकारी आले, वयाची अट पस्तीसच राहिली. नऊजणांपैकी आठ अजून शिकवतात. गणिताच्या बाई वर्षातून एकदा यंत्र तपासायला येतात आणि वर्गातल्या पोरांच्या खोड्या सांगत बसतात. धाकटी त्यांचे ओठ बघत सगळं ऐकून घेते, मध्येच वर्गात बाकं कशी लावली आहेत ते विचारते.

पश्चात्ताप होतो का, असं एकदा डॉक्टरांनी तिला विचारलं होतं. वर्ग गेल्याचा होतो, ती म्हणाली. त्यांना नाही म्हटल्याचा होत नाही. आणि तिने पुढच्या रुग्णाला हाक मारली.