बिनआवाजाची मशीन

रविवारी सकाळी देवरावांनी लेकीचा नवा लॅपटॉप उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि सरळ कानाला लावला.

"हा तं काही बोलतच नाही वं," ते म्हणाले. "चालू आहे का बंद?"

"चालू आहे, बाबा. आत फिरणारं काही नसतंच. पंखा नाही, डिस्क नाही. सगळं चिपवर."

"मंग बिघडून राह्यला, हे कसं समजते?"

"समजत नाही. बिघडला की एकदम बंद पडतो."

अश्लेषा हे पोह्यांवर लिंबू पिळता पिळता बोलून गेली. देवरावांनी मान डोलावली आणि लॅपटॉप जपून टेबलावर ठेवला, भरलेली बशी ठेवावी तसा.

त्यांची उभी हयात कामठीच्या पॉवरलूमवर गेली होती. फिटर होते. शेडमध्ये शिरण्याआधी दारात उभे राहून ऐकायचे. त्या खडखडाटात कोणता माग कुरकुरतो आहे, ते त्यांना वेगळं ऐकू यायचं. प्रताप नगरात घर बांधून वर्षं झाली, तरी कान तसेच राहिले होते. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, सगळ्यांची तब्येत ते आवाजावरून सांगत. स्वतःच्या छातीतलं मात्र त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. गुरुवारी अँजिओग्राफी झाली, तेव्हा कळलं की तिन्ही नळ्या अरुंद झाल्या आहेत. बायपासची तारीख पुढच्याच आठवड्यातली ठरली.

दवाखान्याने एक सीडी दिली होती. कागदी पाकिटात घातलेली ती सीडी गुरुवारपासून फ्रिजवर पडून होती. अश्लेषाची हॉस्टेलमधली मैत्रीण उन्नती पुण्याला हृदयाची डॉक्टर होती. तिने फोनवर सांगितलं होतं, "रिपोर्ट वाचून मी काही बोलणार नाही. मला ते चालताना पाहायचंय. सीडी पाठव." आणि अश्लेषाच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती.

तिने तो घेतलाच होता कमी वजनासाठी. पुण्यात रोज जुना वागवून खांदा दुखायचा. हा बॅगेत असला तरी बॅग रिकामी वाटे. त्या हलकेपणासाठी आतून काय काय काढून टाकलं आहे, हे तिला गुरुवारी पहिल्यांदा कळलं.

"जुन्या कम्प्युटरात तबकडी जात होती," देवराव म्हणाले. "दिवाळीत तूच देला भंगारात."

"बरं झालं देला," जिजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुमी फक्त त्याचा आवाज आयकत होते. धूळ मी पुसत होती."

"कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे हाय नं तबकडीवाला डब्बा," देवरावांनी पुन्हा सुरू केलं. "चाल, मी बी येतो. तेवढंच फिरणं होते."

"नको, बाबा. चार लोकांसमोर कशाला? मी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवलाय. मंगळवारी येतोय."

"मंगळवारी." त्यांनी चमचा बशीत ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. "काहून वं, भेव लागते का तुले?"

"कसलं भेव? अशी ऑपरेशनं रोज होतात. घाबरण्यासारखं काही नाहीये त्यात."

"खरंच?"

"हो."

"हो काय म्हणतं? हाव म्हन. पुण्याले जाऊन हाव विसरली पोट्टी." ते हसले. थोडा वेळ बोटाने टेबलावर ठेका धरून बसले. मग आवाज चढवून म्हणाले, "जिजा, पोह्यावर थोडी तेलाची तर्री देते का? का तिचा बी रिपोर्ट येऊ देऊ?"

"तिचाच तं रिपोर्ट आला," जिजाबाई म्हणाल्या. "म्हणून तं दवाखान्यात निजले होते."

त्या दिवशी एवढंच झालं. दुपारी ते झोपले, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलले, आणि सीडी फ्रिजवरच राहिली.

सोमवारी सकाळी चहा पिऊन ते मागच्या अंगणात मोटर लावायला गेले. टाकी भरली, पाणी गच्चीवरून पन्हाळीने वाहू लागलं, तरी मोटर बंद होईना, म्हणून जिजाबाई पाहायला गेल्या. ते पायरीवर बसले होते, भिंतीला डोकं टेकून. मोटर चालूच होती. शेजारचं कुणीतरी येऊन बटण दाबीपर्यंत ती चालू राहिली, आणि मग जी शांतता झाली ती अश्लेषाला पुढेही कानात ऐकू येत राहिली.

मंगळवारी ड्राइव्ह आला. दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून पार्सलवाल्याने आवाज खाली केला, सही न मागताच खोकं तिच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरकून मग वळला. तिने ते गव्हाच्या कोठीमागे सरकवून दिलं.

तेरवीपर्यंत घरात माणसांची ये-जा होती. अश्लेषा चहा देत होती, सतरंज्या घालत होती, कुणी रडायला लागलं की पाठीवर हात ठेवत होती. पण डोक्यात एकच चक्र चालू होतं. गुरुवारी सीडी हातात आली. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. उन्नतीने ती पाहिली असती आणि म्हणाली असती की आत्ताच्या आत्ता भरती करा, तर सोमवारी सकाळी ते त्या पायरीवर नसतेच. झेरॉक्सवाला पन्नास पावलंही लांब नव्हता.

जरा एकटं मिळालं की ती लॅपटॉप उघडून वाचत बसे. रक्तवाहिन्यांबद्दल, अडथळ्यांबद्दल, किती थांबलं तर चालतं याबद्दल. वाचायची तिला लहानपणापासून सवय. काही कळलं नाही की ती पुस्तकाकडे जायची. आता मात्र वाचलेलं प्रत्येक वाक्य उलटून तिच्याकडेच बोट दाखवी. उन्नतीचे दोन फोन तिने घेतले नाहीत. उन्नतीने मग निरोप टाकला होता, की सीडी अजूनही पाठवायची असेल तर पाठव, मी पाहीन आणि जे असेल ते खरं सांगेन. तो निरोप अश्लेषाने पुसलाही नाही आणि त्याला उत्तरही दिलं नाही.

पाहुणे गेल्यावर, एका दुपारी, जिजाबाईंनी फ्रिजवरचं पाकीट उतरवून तिच्यासमोर ठेवलं.

"याच्यात तुह्या बाबाचं काळीज हाय नं?"

"त्याचे फोटो आहेत, आई."

"हालते म्हणे."

"हो, हलतं."

"मंग दाखव मले."

"आई, त्यात पाहण्यासारखं काही नसतं. काळं-पांढरं, अंधुक."

"चाळीस वर्सं त्याच्याच बाजूले निजली मी," जिजाबाई म्हणाल्या. "अंधुक तं अंधुक."

कोठीमागचं खोकं बाहेर काढावं लागलं. ड्राइव्ह काळा, चपटा, खुद्द लॅपटॉपपेक्षा जाड. अश्लेषाने त्याची वायर उलगडली आणि लॅपटॉपच्या कडेला नेली. वायरचं तोंड रुंद होतं. लॅपटॉपला एकुलतं एक बारीक छिद्र होतं. मागवताना तिने ते पाहिलंच नव्हतं.

म्हणजे बाबा मंगळवारपर्यंत असते, तरी मंगळवारीही काही झालं नसतं. हे लक्षात आलं, आणि क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटून तिने वायर पुन्हा गुंडाळली.

"उद्या बर्डीवरून कनेक्टर आणते," ती म्हणाली.

"आजच जा," जिजाबाई म्हणाल्या.

सीताबर्डीच्या गल्लीतलं दुकान एवढं अरुंद होतं की गिऱ्हाईक बाहेर उभं राही आणि हात आत घाली. काउंटरमागे उन्मेष नावाचा तरुण दुकानदार एकाच वेळी फोनवर बोलत, एकाला चार्जर दाखवत आणि दुसऱ्याशी भाव करत होता. त्याने अश्लेषाचा लॅपटॉप हातात घेऊन उलटापालटा केला.

"एकच छेद आहे मॅडम याले. चार्जर लावाल का ड्राइव्ह लावाल?"

"दोन्ही नाही लागत?"

"हा मोठावाला घ्या, मंग दोन्ही लागते. पातळ मशीन घेतली का असंच राह्यते, मॅडम. आतलं सगळं बाहेर लटकवा लागते. बॅग तेवढीच जड."

"साधाच द्या. एकदाच वापरायचाय."

"लावून दाखवू का? सीडी आहे नं जवळ?" त्याने तिच्या पिशवीकडे पाहिलं. "लग्नाची हाय का?"

"नाही." तिने पिशवी आवळून धरली. "अँजिओग्राफीची."

"अच्छा." त्याचा आवाज बदलला. फोन कानावरून खाली आला. "पेशंट कसे आहे आता?"

"बरे आहेत," अश्लेषा म्हणाली.

ऑटोत बसल्यावर तिने पिशवी मांडीवर घेतली. आपण असं का म्हणालो, ते तिला कळेना. सबंध रस्ताभर ती पिशवीतलं पाकीट बोटांनी चाचपत राहिली, ते मध्येच नाहीसं होईल असं वाटून. घरी जावं असंही वाटेना. सीडी चालली नाही तर आईला काय सांगायचं, आणि चालली तर स्वतःला काय सांगायचं?

जिजाबाईंनी जेवणाचं टेबल पुसून ठेवलं होतं. देवरावांची खुर्ची त्यांनी ओढून घेतली होती आणि तिच्यावर त्या स्वतः बसल्या होत्या. अश्लेषाने वायर जोडली, तबकडी ठेवली, झाकण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग ड्राइव्हने एक आचका दिला आणि घर्रर्र करत तबकडी फिरायला लागली. त्या मुक्या लॅपटॉपखालचं टेबल बारीक थरथरलं. जिजाबाईंनी हात पुढे करून ड्राइव्हवर तळवा ठेवला, देवराव पाण्याच्या मोटरवर ठेवत तसा, आणि तो तिथेच राहू दिला.

पडद्यावर राखी अंधार आला. फासळ्यांच्या पुसट रेघा. एक बारीक नळी वरून आत सरकली, आणि एकदम काळी शाई सोडावी तसं काहीतरी पसरलं. पानं झडलेल्या झाडासारख्या फांद्या दिसल्या आणि सगळं झाड आतून ओढल्यासारखं हललं. आवळलं, सुटलं. आवळलं, सुटलं. शाई विरली, फांद्या गेल्या, आणि तो तुकडा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"चालून राह्यलं नं," जिजाबाई हळूच म्हणाल्या.

अश्लेषा अडथळा शोधत होती. इतकं वाचलं होतं, तरी कुठे पाहायचं ते समजेना. तिने फोन पडद्यासमोर धरला, एकेक तुकडा फोनवर टिपून घेतला, आणि अंगठा थांबायच्या आत सगळे उन्नतीला पाठवून दिले. हे काम झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून गुरुवारीच होण्यासारखं होतं. तिला ते तेव्हाही माहीत होतं.

उत्तर येईपर्यंत दोघी पाहत बसल्या. तबकडी घरघरत होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह उतरत चाललं होतं. चार्जर लावायला जागा नव्हती. अश्लेषाने पडद्याचा उजेड थोडा कमी केला.

फोन वाजला.

"आशू, पाहिलं मी," उन्नती म्हणाली. "नीट पाहिलं, दोनदा. मीही हेच ऑपरेशन सांगितलं असतं, आणि हीच तारीख. आधी घाई करा म्हणाले नसते. अशा अवस्थेत माणसं महिना महिना थांबतात. ऐकतेयस ना?"

"हो."

"तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. खरं सांगेन म्हणाले होते, ते सांगतेय."

"हो. कळलं. नंतर बोलते, उन्नती."

तिने फोन पालथा ठेवला. इतके दिवस ज्या उत्तराची धास्ती घेतली होती ते हे होतं, आणि त्यात तिच्या वाट्याला काहीच दोष आला नव्हता. ती हलकं वाटण्याची वाट पाहत बसली. छातीवरचं ओझं होतं तिथेच होतं.

"काय म्हणे तुही मैत्रीण?" जिजाबाईंनी विचारलं.

"तीच तारीख दिली असती म्हणाली. आपलं काही चुकलं नाही."

"चुकलं कोण म्हणते?" जिजाबाईंची नजर पडद्यावरून हलली नाही. "तुहे बाबा भेले होते फक्त. रविवारी रातच्याले माहा हात धरून निजले. म्हणे, जिजा, पोरीले इचारून पाह्यलं, तिले नाही लागत भेव. बरं हाय. आपून तिले सांगू नाही."

तबकडी फिरत होती. झाड आलं, आवळलं, सुटलं, गेलं, पुन्हा आलं.

भिऊन ते बोलायला आले होते. पोहे खाता खाता, सहज विचारल्यासारखं विचारून, त्यांनी आपल्या बाजूने दार उघडलं होतं. तिने रोज होणाऱ्या ऑपरेशनांची गोष्ट सांगून ते लावून घेतलं. ड्राइव्ह नाही, मंगळवारी येतोय, बाहेरच्यासमोर कशाला. लॅपटॉपला नसलेल्या त्या एका खाचेमागे ती तीन दिवस लपून बसली होती.

बॅटरीचं चिन्ह लाल झालं. जिजाबाईंनीही ते पाहिलं असावं. त्यांचा हात ड्राइव्हवर अधिकच दाबला गेला.

अश्लेषा पुढे वाकली. पडद्याच्या अगदी जवळ आली, शेडच्या दारात उभं राहून ऐकावं तशी थांबली. घशातून शब्द निघाले ते पुण्याचे नव्हते.

"हाव, बाबा," ती म्हणाली. "भेव लागते मले. लई भेव लागते."