शेजारचा तारा

रात्र-रात्र दुर्बिणीवर काम करणाऱ्या लेकीला आई ‘घुबड’ म्हणायची. ते एकदा सरांच्या कानावर गेलं आणि त्यांच्याही तोंडी बसलं.

सर तिचे मार्गदर्शक. एका तारकागुच्छात, म्हणजे एकत्रच जन्मलेल्या ताऱ्यांच्या सैल घोळक्यात, कोणते तारे उजळतात-मंदावतात हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यातला एक तारा त्यांनी स्वतः हुडकलेला. त्याचं उजळणं कुठल्याच ठरलेल्या प्रकारात बसत नव्हतं. लोकांनी वेड्यात काढलं, पण सर हटले नाहीत. आता फुप्फुसांनी दगा दिला होता, सर अंथरुणाला खिळले होते आणि तो तारा घुबडाच्या वाट्याला आला होता.

नव्या, मोठ्या दुर्बिणीतली चित्रं आली. सरांचा तारा एकसारखा तेवत होता. बदलत होता तो त्याला चिकटून दिसणारा दुसराच मंद तारा. जुन्या दुर्बिणीत दोघांचा प्रकाश मिसळून गेला होता. हा शेजारी तर गुच्छातलाही नव्हता. कितीतरी मागे, लांब होता. आपलंच काही चुकलं असावं म्हणून तिनं पुन्हा पुन्हा तपासलं. काही चुकलं नव्हतं.

सरांच्या घरी दार काकूंनी उघडलं. “तुझीच वाट बघतायत. चांगलं काही असेल तर सांग, नाहीतर नुसती बस.”

ती मान हलवून आत गेली. न बोलायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

“काय गं घुबडा,” नाकातली नळी सारखी करत सर म्हणाले, “काय म्हणतोय आमचा दिवटा?”

“छान आहे, सर.”

“छान? हे कधीपासूनचं मोजमाप?” ते तिच्याकडे बघत राहिले. “माझ्याशी असं करू नकोस गं.”

मग तिच्यानं राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं.

सर हसले, हसता हसता खोकल्यानं बेजार झाले. “म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याचंच कौतुक करत बसलो.” खोकला थांबल्यावर म्हणाले, “लिहून टाक. माझ्या नावासकट. दुसऱ्या कुणी चूक काढण्याआधी आपणच सांगू.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्यांनी ताऱ्यांचा विषय काढला नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

भेटायला आलेली माणसं पांगल्यावर काकू तिच्याजवळ आल्या. “जायचेच होते गं ते. पण सुखानं गेले असते. थोडं थांबता आलं नसतं तुला?”

“त्यांनी विचारलं, काकू.”

“विचारणारच. त्यांना दुसरं येत काय होतं?”

तिनं शोधनिबंध लिहिला, सरांचं नाव आधी घालून. छापून आल्यावर एका दुपारी ती तो घेऊन गेली. काकूंनी तो न उघडता टेबलावर ठेवला, चहा केला, आईची चौकशी केली. ती निघाली तेव्हा दारापर्यंत सोडायलाही आल्या. पण नेहमीचं “ये हं पुन्हा” काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.