सर्चमध्ये वर येण्यासाठी

...करंगळी मात्र खांद्याला टेकलेलीच नाही. पडद्यावरचा फोटो तिनं मोठा करून पाहिला — नवऱ्याची बाकीची बोटं फोटोग्राफरनं सांगितली तिथं, तिच्या खांद्यावर, आणि करंगळी तेवढी उचललेली, ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून उचलावी तशी. ब्लॉगवर टाकायच्या त्या फोटोखाली एक रिकामी चौकट होती. फोटोत काय आहे ते तिथं लिहायचं. सर्च इंजिनला चित्र दिसत नाही, ते शब्दच वाचतं. तिनं लिहिलं, ‘विवाह-समुपदेशक आपल्या पत्नीसह. सुखी दांपत्य.’ ज्याला दिसत नाही त्याला काहीही सांगता येतं.

भिंतीपलीकडे नवऱ्याचा आवाज चालू होता. शब्द कळत नव्हते, लय कळत होती — मऊ, थांबत थांबत, समोरच्या माणसाला सवड देणारी. आत कुणाची तरी बायको रडत असणार... दार उघडून तो बाहेर येतो तेव्हा हा आवाज आतच राहतो, खुर्चीवर टाकलेल्या कोटासारखा, आणि माझ्या वाट्याला येतं ते ‘चहा’, नाहीतर ‘किल्ल्या कुठायत?’ धाकट्या बहिणीला एकदा सांगायला गेले तर ती हसतच सुटली. ‘ताई, जगाचे संसार सांधणारा नवरा मिळालाय तुला! आमच्याकडे घोरण्यापलीकडे आवाज नाही.’ मीही हसले. आपलेच दात, आपलेच ओठ.

ब्लॉगची कल्पना त्याचीच. पलीकडच्या रस्त्यावर नवी समुपदेशक आली होती आणि सर्च केलं की तीच आधी दिसायची. ‘तू लिहायचीस की कॉलेजात,’ तो म्हणाला होता. त्या ‘लिहायचीस’मध्ये मधली सगळी वर्षं कशी बिनबोभाट गाडली गेली होती! लोक जे शब्द टाकून शोधतात तेच शीर्षकात हवेत, म्हणून ती ते शब्द टाकून बघत होती. ‘नवरा’ एवढंच टाइप केलं, आणि पुढचं यंत्रानंच सुचवलं — नवरा बोलत नाही काय करावे.

तिचे हात थांबले. म्हणजे इतक्या बायका... कुठल्या कुठल्या खोल्यांत बसून हेच विचारतायत... आणि त्यांना उत्तर द्यायला बसलेय कोण, तर मी!

मग तिनं लिहायला घेतलं, आणि बोटं थांबेनात. ‘माझा नवरा बोलतो. दिवसभर बोलतो. माझ्याशी नाही. माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, आत एक बाई बसल्यात, त्यांचं आटोपतो आणि येतो. तो आला तोवर माझं रडून झालं होतं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही...’ लेखाखाली खूण करायची जागा होती : हे पान सर्चमध्ये दाखवू नका. तिनं खूण केली.

दार कधी उघडलं ते तिला कळलं नाही. तो मागे उभा होता, वाकून वाचत होता. आता तो आईपर्यंत आला असेल... चिडू दे. एकदाचा चिडू दे.

‘छान जमलंय गं,’ तो म्हणाला. ‘अगदी खरं वाटतं. बायकांना हे भिडणार. आईचा प्रसंग जरा लांबलाय, तेवढा कमी कर. आणि ती खूण काढ, नाहीतर दिसणार कुणाला?’

‘अहो...’

‘हं?’ त्याची नजर घड्याळाकडे गेली.

‘काही नाही. पुढच्या बाई आल्यात.’

दार लागलं. ‘या, बसा. सावकाश सांगा,’ भिंतीपलीकडे तो मऊ आवाज पुन्हा सुरू झाला.

तो आपल्याशी बोलत नाही, हे निदान त्याला ठाऊक आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. अबोला म्हटला तरी समोर कुणीतरी लागतंच — त्या ‘कुणीतरी’वर तिनं किती रात्री काढल्या होत्या, किती समजुती घातल्या होत्या स्वतःच्या! तेवढंही नव्हतं. त्यानं ओळखलंच नाही. स्वतःला नाही, तिला नाही, तिच्या आईलाही नाही.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिनं खूण काढली. आईच्या प्रसंगातला एक शब्दही काढला नाही. लेखकाच्या रकान्यात त्याचं नाव आपोआप आलं होतं, ते तिनं अक्षर अक्षर करून पुसलं आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. आपलं नाव टाकायचं, की ती तशीच ठेवायची... त्याला काय वाटेल हा प्रश्न नेहमीच्या जागी नव्हता. तो प्रश्न कुठं गेला, हे शोधावंसंही तिला वाटेना.