चादर न टाकलेली खुर्ची

जाहिरातीत आठची वेळ दिलेली असेल तर पावणेसातलाच दारात हजर व्हावे, हे नॉर्मा पास्को हिने मला दिलेले पहिले शिक्षण होय. 'लवकर येऊ नये' अशी पाटी जेथे टांगलेली असेल तेथे तर अवश्य लवकर जावे. ज्यांना गर्दीचे भय वाटते त्यांना आपल्या मालाचे मोल ठाऊक नसते, असा तिचा सिद्धान्त होता. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडून मेंढ्यांची लोकर कातरण्यास गेलेला मनुष्य. परंतु हॉर्शम गावातील गॅरेज सेलांची, म्हणजे लोक आपल्या दारात मांडून विकतात ते जुने सामान स्वस्तात घेण्याची, विद्या मी सहा वर्षे तिच्याकडून मन लावून ग्रहण केली. ती अडुसष्ट वर्षांची विधवा, गुडघ्यांनी अधू. मी तिचा ट्रक चालवीत असे व माल उचलीत असे.

ऑक्टोबरातील त्या शनिवारी आम्ही आयव्ही लग हिच्या घरी पोहोचलो तेव्हा तिचा भाचा ग्रॅहम गॅरेजपुढे फळ्या मांडून त्यांवर केकची भांडी, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या व बागेचा पाइप रचीत होता.

"आठ लिहिलंय पाटीवर," तो म्हणाला.

"माझं घड्याळ पुढे असतं रे राजा," नॉर्मा म्हणाली. "तुझी दाढी मात्र कालच्या दिवसावरच आहे."

त्या पसाऱ्याच्या मधोमध आयव्ही एका रुंद लाकडी खुर्चीत बसली होती. तिचे वय त्र्याऐंशी. आम्ही जवळ जाताच तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट ठेवले.

"बाकी काय हवं ते न्या," ती म्हणाली, "पण हिच्यावर नजर नको हं. सोमवारी मला वृद्धाश्रमात नेतायत. घरचं एकच सामान आणायची परवानगी आहे. मी हीच नेणार. पोटात बाळ होतं तेव्हा पाठ फार दुखायची, म्हणून माझ्या बर्टनं केली ही. बाळ राहिलं नाही. खुर्ची राहिली."

"छे गं, ह्या वाळवीच्या घराला कोण विचारतंय!" नॉर्मा म्हणाली. जी वस्तू हवी असेल तिची निंदा करावी, हाही तिचा एक नियम होता. नंतर तिने एक चमचा मुद्दाम खाली पाडला व तो उचलण्याच्या मिषाने खुर्चीचा तळ न्याहाळून घेतला.

मला बाजूला घेऊन ती कुजबुजली, "लेस, ब्लॅकवूड आहे, भारी लाकूड. एक खिळा नाही, सगळे सांधे हातानं बसवलेले. बॅलारॅटचा तो जुन्या फर्निचरचा दुकानदार डोळे मिटून नऊशे डॉलर देईल."

"पण ती बसलीय त्यावर."

"बसलीय ना? मग चादर कुठंय?"

येथे आमच्या गावचा रिवाज सांगणे प्राप्त आहे. जी वस्तू विकावयाची नसेल तिच्यावर चादर टाकली जाते. जिच्यावर चादर नाही ती विक्रीस आहे असे समजले जाते, आणि झालेला सौदा परत फिरत नाही. ग्रॅहमने आपला फ्रीज व भोके पाडण्याचे यंत्र फुलाफुलांच्या चादरीखाली झाकून ठेवले होते. आयव्हीला हा रिवाज चाळीस वर्षे ठाऊक होता. परंतु आपण स्वतः बसलो आहोत तेव्हा चादरीचे प्रयोजन नाही, असा तिचा समज झाला होता.

नॉर्माने कपाळास हात लावला. "अगं आयव्ही, मला गरगरतंय गं."

"अगं बाई!" आयव्ही धडपडत उठली. "इथं बस. बस म्हणते ना! पाणी आणते. ग्रॅहमला घरात ग्लाससुद्धा सापडायचा नाही." तिने नॉर्माला दंडास धरून स्वतःच्या हाताने त्या खुर्चीत बसविले आणि आपला चालण्याचा चाकांचा आधार ढकलीत ती आत गेली.

दार लागताच नॉर्मा सरळ बसली. "ग्रॅहम, हिचे किती?"

"ती आत्याची आहे."

"तिथल्या खोल्या पाहिल्यास का? पलंग ठेवला की मांजर वळत नाही. सोमवारी तू ही पाठीवरून नेणार, आणि आत्या गेली की पुन्हा पाठीवरून आणणार. वीस डॉलर देते. त्या बरण्याही उचलते, तुझी कटकट गेली."

ग्रॅहमने दाराकडे पाहिले. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"पंचवीस," तो म्हणाला.

मी खुर्ची उचलली. बैठक अजून उबदार होती. ती ऊब दोघींपैकी कोणाची, हे मला सांगता येणार नाही. आयव्ही बाहेर आली तोवर मी ती ट्रकवर चढवून दोरी घेतली होती. आयव्हीच्या एका हातात ग्लास होता आणि आधाराच्या टोपलीत बशीवर एक बिस्किट.

"उठलीस? बरं वाटतंय का?" तिने नॉर्माला विचारले. मग तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "माझी खुर्ची?"

"चादर नव्हती गं त्यावर, आत्या," ग्रॅहम म्हणाला.

"मी होते ना त्यावर."

"तू उठलीस."

नॉर्माने तिच्या हातून ग्लास घेतला आणि सारे पाणी पिऊन टाकले. "चादर टाकायची असते, आयव्ही. तुला काय हे सांगायला हवं?"

"नाही," आयव्ही म्हणाली. "मला माहीत होतं." तिने ग्रॅहमकडे पुन्हा पाहिले नाही. ती एकेक पाऊल टाकीत ट्रकपाशी आली व मान वर करून मला म्हणाली, "लेस, तू आमच्या बर्टला ओळखायचास ना रे?"

करवत कशी धरावी हे मी बर्ट लग याच्या गॅरेजात, ह्याच गॅरेजात, शिकलो होतो.

"नाही, आयव्हीबाई," मी म्हणालो.

"असं होय." तिने आपल्या खांद्यावरचा लोकरी रुमाल काढला आणि माझ्याकडे धरला. "मग हा दोरीखाली घाल. नाहीतर हात घासला जाईल तिचा."

नॉर्मा पुढे बसून हॉर्न वाजवीत होती. नऊ वाजता दुसरा सेल होता. मी रुमाल दोरीखाली घातला आणि गाठ आवळली.