तंबोऱ्याची दांडी

गाणाऱ्याचा फोटो काढायचा तर समेच्या जरा आधी काढावा. सम आली की लोक वाहवा म्हणतात, गवई हसतो आणि फोटो लग्नाच्या अल्बममधला वाटायला लागतो. त्याआधी मात्र माणूस सगळं पणाला लावून बसलेला असतो. हे ज्ञान मी कितीतरी शिबिरांत ऐटीत वाटलं आहे. पंडित गुरुबसप्पा हिरेमठांचे, म्हणजे अण्णांचे, मी काढलेले फोटो असेच आहेत, म्हणून तर पुण्या-मुंबईच्या मासिकांनी ते छापले. काळीभोर पार्श्वभूमी, त्यात एकटे अण्णा, उचललेला हात, मिटलेले डोळे. सोलापुरात कुणालाही विचारा, अण्णांचा फोटो म्हणजे सोमेशचाच.

सावित्रम्मा गेल्या आणि दोन-तीन दिवसांनी अण्णांचा फोन आला. सावित्रम्मा म्हणजे अण्णांच्या पत्नी. लग्न झाल्यापासून प्रत्येक मैफलीत त्यांच्या मागे तंबोऱ्याला त्याच बसायच्या. मी त्यांना वैनी म्हणायचो आणि अण्णा मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. घरात शिवगणाराधनेची, म्हणजे लिंगायतांकडच्या दिवसकार्याची, तयारी चालली होती आणि त्या दिवशी मांडायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा होता, नात्यातल्या एका लग्नातला होता, पण अण्णांना ते नको होते.

"तंबोरा धरलेली पायजे, तम्मा," ते म्हणाले. "ती माझ्या डोळ्यापुढं तशीच हाय. तुझ्याकडं असंलच की."

मी म्हणालो, असेल काय, ढीगभर असतील, निवडायचाच काय तो प्रश्न. बोललो आणि मला बरंही वाटलं. दुःखाच्या घरी काय न्यावं हे कळत नाही तेव्हा आपल्याकडे नेण्यासारखं काही असणं ही मोठी सोय असते.

नवी पेठेतल्या स्टुडिओत कॉम्प्युटर उघडून बसलो. अक्कलकोट, विजयपूर, धारवाड, गड्ड्याच्या यात्रेतली बैठक, हुतात्मा स्मृती मंदिर. सगळीकडे अण्णा. त्यांच्या खांद्यामागे कुठे पदराचा काठ, कुठे कोपर, कुठे तंबोऱ्याचा भोपळा. अगदी सुरुवातीच्या एका फोटोत अर्धा गाल सापडला, तोही धूसर. पुढच्या वर्षांत तर तेवढंही नाही. दिवसभर शोधून माझ्या हाती काही लागलं नाही.

कारण शोधायची गरज नव्हती, ते मला पाठ होतं. मागे बसलेल्याच्या तंबोऱ्याची दांडी फोटोत नेमकी गवयाच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. एवढा मोठा कलावंत आणि त्याच्या टाळूतून बांबू! म्हणून मैफल सुरू व्हायच्या आधी मी स्टेजपाशी जायचो आणि हातानं खुणवायचो, वैनी, जरा मागं सरका की. त्या सरकायच्या. मी म्हणायचो, अजून थोडं. त्या अजून सरकायच्या. पुढे पुढे सांगावंही लागेना. मला वाटायचं, वैनींना आता फोटोतलं कळायला लागलं. असा मी दीडशहाणा.

त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं की माझ्याकडे फोटो नाही. पण जीभ रेटेना. अण्णांचा फोटो म्हणजे सोमेश, आणि सोमेशकडे अण्णांच्या बायकोचा एक फोटो नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मग सांगण्याऐवजी मी दुसरंच केलं. वैनींचा नात्यातल्या लग्नातला हसरा फोटो श्रद्धांजलीच्या मेसेजसोबत माझ्या मोबाइलवर आलेला होता. धारवाडला दुसऱ्याच एका गायकामागे तंबोरा घेऊन बसलेल्या अनोळखी बाईचा फोटो माझ्या संग्रहात होता. त्या बाईच्या धडावर मी वैनींचा चेहरा बसवला. रंग जुळवले, मानेखालची सावली जुळवली. काम इतकं बेमालूम झालं की खुर्चीत रेलून मी स्वतःच बघत राहिलो. खरं तर ती लाज वाटायची वेळ होती, आणि मला वाटला तो अभिमान.

फ्रेम घेऊन बाळीवेशीत अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी ती मांडीवर घेतली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. काचेवरून बोट फिरवत ते चेहऱ्यावरून खाली आले आणि तंबोऱ्याच्या तारांपाशी थांबले. मग ते एवढंच म्हणाले की मेहनत लई घेतलीस, आणि फ्रेम आत न्यायला त्यांनी शिवलीलाला हाक मारली. शिवलीला ही वैनींच्या बहिणीची मुलगी. बँकेत नोकरी करते आणि तंबोरा मावशीकडूनच शिकली. तिनं फ्रेम छातीशी धरून नेली. मला वाटलं, सुटलो.

शिवगणाराधनेला हॉल भरून गेला होता. पूजा झाली. येणारा प्रत्येकजण फोटोपुढे उभा राहून हात जोडत होता, आणि जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारत होता. एकजण म्हणाला की सावित्रम्मा आता तार छेडतील असं वाटतंय. मी मान हलवली. ती थाप घरी जाईपर्यंत पाठीवरून जाणार नाही, असं मला वाटत होतं.

मग अण्णा गायला बसले. मोठी मैफल नव्हती, फक्त थोडी वचनं, म्हणजे कन्नड भक्तिपदं. मागे वैनींचाच तंबोरा घेऊन शिवलीला बसली. कॅमेरा सवयीनं माझ्या गळ्यात होताच. मनात आलं, आज तंबोऱ्यावालीचा काढू या. इतक्या वर्षांची भरपाई मी एका फोटोत करायला निघालो होतो. मी कॅमेरा डोळ्याला लावला. शिवलीलाची नजर माझ्यावर पडली आणि ती मागे सरकली. तारेवरचं बोट थांबलं नाही, सूर हलला नाही, फक्त दांडी कलली आणि तिचा चेहरा अण्णांच्या खांद्याआड गेला. मी दुसऱ्या बाजूला गेलो. ती पुन्हा तितक्याच सराईतपणे सरकली.

गाणं संपल्यावर मी तिला विचारलं, असं का करता म्हणून. तिच्या आवाजात राग नव्हता. शाळेत शिकवलेलं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"मावशीनं शिकवलंय. पयला तंबोरा लावायचा. मग सोमेशभाऊ कुटं बसल्यात बघायचं आन त्यांच्या फोटोत येणार न्हाय असं बसायचं."

वैनींना माझ्याकडून फोटोतलं काही कळलं नव्हतं. आपण त्यात नसावं एवढंच कळलं होतं, आणि सुरासारखंच तेही त्यांनी भाचीला नीट शिकवलं होतं. मला त्या हॉलमधून पळून जावंसं वाटलं. पण दारात माणसं उभी होती आणि दाराशेजारी तो फोटो होता.

अण्णा फोटोजवळ खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो.

"अण्णा, ह्यो फोटो खोटा हाय," मी म्हणालो. चेहरा लग्नातला, बाकी सगळी दुसरीच बाई, हे सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फोटोकडे बघत होते.

"हात तिचे न्हाईत, ते तू घरी आणलास तवाच कळलं की."

"मग लावलात कशाला?"

फोटोवरचा हार एका बाजूला घसरला होता, तो त्यांनी उठून सरळ केला.

"तुझ्याकडं दुसरा न्हाय, तेबी तवाच कळलं, तम्मा."

शिवलीलाला त्यांनी कन्नडमधून सांगितलं की सोमेश जेवायचा राहिलाय, त्याला बसव. पंगतीत माझी जागा नेमकी फोटोसमोर आली. पान वाढलं गेलं, शेजारचे जेवायला लागले, आणि मान वर करायची माझी छाती झाली नाही.