म्लादेनचे शॉक-अप

रविवारची प्रार्थना संपली तरी कोणी घरी गेलं नाही. सगळं गाव खालच्या वळणावर जमलं होतं, म्लादेनच्या स्मारकाच्या दगडापाशी. माझा भाऊ कामेन गाडीत बसला होता आणि भूतबाधा उतरवणारे हारालांपी आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्याला सांगत होते, "हात सोड, पोरा. स्टिअरिंगला बोटसुद्धा लावू नकोस. त्याला काय हवंय ते बघू."

कामेनने हात वर केले. गाडी हळूहळू पुढे आली, डावीकडे कलली आणि त्या दगडाच्या दिशेने निघाली. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. दगड चार हातांवर आल्यावर कामेनने ब्रेक दाबला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"रस्त्याचा उतार उजवीकडे आणि गाडी जाते डावीकडे," आजोबा म्हणाले. "मेलेला ओढतोय. खाली थंडी फार. मित्राला हाक मारतोय बिचारा."

मग त्यांनी शेगडीवर शिसं वितळवलं आणि पाण्याच्या वाडग्यात ओतलं. चर्र झालं. पाण्यातून गोळा काढून त्यांनी सगळ्यांना दाखवला. "हा बघा हात. पाची बोटं दिसतायत." मला तो कोंब फुटलेला बटाटा वाटला. नंतर एकेका चाकावर काळं फडकं टाकून, त्याखाली डोकं खुपसून आजोबा पुटपुटले. पुढच्या उजव्या चाकाशी सगळ्यांत जास्त वेळ.

"आता सोड हात."

गाडी रस्त्याच्या मधून सरळ गेली, अगदी सुतासारखी. माझी आई गुडघ्यांवर बसली. आजोबांच्या पायाशी मध, चीज, रकिया दारूच्या बाटल्या जमल्या.

मी गावात औषधाचं दुकान चालवते, त्यामुळे शिकलेली म्हणून मला मान आहे आणि त्याच कारणाने माझं कोणी ऐकत नाही.

म्लादेन आणि कामेन लहानपणापासूनचे मित्र. डोंगरावरच्या घाटशर्यतीत दोघं एकत्र उतरायचे. दोन वर्षांपूर्वी याच वळणावर बर्फावरून घसरलेल्या लाकडाच्या ट्रकने म्लादेनच्या गाडीला मागून चिरडलं. गाडीचा पुढचा भाग शाबूत राहिला. यंदा वसंतात म्लादेनच्या आईने पुढचे दोन शॉक-अप कामेनला दिले. उंची कमी-जास्त करता येणारे, महागामोलाचे. स्प्रिंगखालची चकती आट्यांवर फिरवली की गाडी खाली-वर होते.

कामेनने ते अंगणातच बसवले. चकत्यांना त्याने हात लावला नाही. "त्याने लावल्या तशाच राहू दे," तो म्हणाला होता.

पहिल्याच दिवसापासून गाडी डावीकडे ओढू लागली. बोलता बोलता गावात ठरलं की म्लादेनच ओढतोय.  कामेनची झोप मात्र उडाली.

त्या रविवारी घरी आल्यावर मी गाडीभोवती फिरले. "कामेन, हा उजवा टायर बसल्यासारखा दिसतोय रे. हवा बघून घे."

"ताई, गाडी सरळ चालतेय. तुला तेही सोसत नाही का?"

"सोसतं. फक्त हवा बघ."

"ज्यांनी हात फिरवलाय त्या आजोबांनाच विचार," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तू त्यात हात घालू नकोस."

 हवा मोजायचं यंत्र पेट्रोल पंपावर होतं, गाडीची किल्ली कामेनच्या खिशात. अंगणातून मी त्या टायरकडे बघत राहिले आणि आत जाऊन सूप वाढलं.

गुरुवारी तो आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. घाट उतरताना एका वळणावर तो उजवा टायर रिमवरून निसटला. गाडी कठड्यावर आदळली. कामेनला खरचटलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं.

"कामेनच्या आईने मनात शंका घेतली असेल," आजोबा गावात सांगत होते. "मेलेल्याला ते कळतं."

मी गुर्कोवाबाईंकडे गेले. तंत्रशाळेत त्यांनी तीस वर्षं मोटारींचं शिकवलं. गावातले निम्मे पुरुष त्यांच्या हातचा मार खाऊन मेकॅनिक झालेले. बाई दोरा, पट्टी आणि हवेचं मीटर घेऊन आल्या. वाकलेलं उजवं चाक त्यांनी सोडून दिलं, दोन्ही शॉक-अपच्या चकत्यांची उंची मोजली, डाव्या चाकाशी ओळंबा धरला.

"उजवी चकती चौदा मिलिमीटर खाली आहे," त्या म्हणाल्या. "शॉक-अप काढताना फिरली असणार, आणि कुलूप-चकती कोणी आवळलीच नाही. उजवी बाजू जास्त बसली, ते चाक वरून आत झुकलं, डावं तेवढं झुकलं नाही. दोन चाकांचा कल वेगळा झाला की गाडी एका बाजूला ओढतेच. बसवल्यावर चाकांचं अलाइनमेंट केलं होतं?"

कामेनने मान हलवली. नाही.

"मग त्या दिवशी सरळ कशी गेली, बाई?" मी विचारलं.

"ते रविवारी बघू."

रविवारी आजोबांपुढे तीन गाड्या उभ्या होत्या. बाईंनी आधी सगळ्यांसमोर बाराही टायरांची हवा मोजून प्रत्येकावर खडूने आकडा लिहिला. आजोबा हसले. "लिही, लेकी. शास्त्राला आमची काही ना नाही." आयत्या वेळी माघार घेतली असती तर गर्दी बिथरली असती. ते फडक्याखाली शिरले.

बाहेर आल्यावर बाईंनी पुन्हा मोजलं. डावीकडे ओढणाऱ्या गाडीचा उजवा टायर दोन पूर्णांक दोन बारवरून एक पूर्णांक चारवर आला होता. उजवीकडे ओढणाऱ्या गाडीचा डावा. नरम टायर आपल्या बाजूला ओढतो, इतकंच. शिशाची चर्र आणि पुटपुटणं हवा सुटल्याचा आवाज झाकायला. शेजारच्या शहरात हारालांपी आजोबांनी वीस वर्षं टायरच्या दुकानात काढली होती, हेही मग कोणाला तरी आठवलं.

"आत्मा हवा खातो," आजोबा म्हणाले.

"आणि व्हॉल्व्हचं टोपण खिशात ठेवतो?" बाईंनी त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं. "काढा."

त्यांनी काढलं नाही. शेगडी उचलून ते चालू लागले. कोणी अडवलं नाही. दोन बायका त्यांच्या मागोमाग गेल्या. महिन्याभरात ते नदीपलीकडच्या गावात शिसं ओतत असल्याचं कळलं. पोलीस म्हणाले, मधाची बरणी लोकांनी आपणहून दिली होती, मग गुन्हा कसला.

आई अजून अंथरुणावर आहे. शिशाचा तो गोळा तिच्या उशीखाली असतो. मी काढून घेत नाही.

कामेन तिच्याजवळ बसतो. एकदा त्याने विचारलं, "ताई, म्हणजे ती नुसती चकती होती?"

"हो."

"तो नव्हताच."

"नव्हता रे."

तो रडला, दोन वर्षांत पहिल्यांदा. म्लादेन रागावला असेल ही भीती त्याला होती, पण निदान तो कुठेतरी आहे एवढा आधार त्याला त्या भीतीतच मिळत होता. हे मला तेव्हा कळलं. टायरवरून भांडण्याऐवजी मी म्लादेनबद्दल बोलायला हवं होतं. ते मला सुचलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. गाडी ओढत असेल तर हवा मोजा, उंची मोजा, जाणत्याला दाखवा. माणूस आठवत असेल तर त्याचं नाव घेऊन घरच्यांजवळ रडा. कोणी म्हणालं की दोन्ही एकच आहे आणि इलाज आपल्याकडे आहे, तर त्याला विचारा, कसा? उत्तर येईपर्यंत गाडीत कोणाला बसवू नका.